जस्त जमिनीत की पावतीवर?

मागच्या बैठकीत एका शेतकऱ्याने खताच्या दुकानाची पावती सगळ्यांसमोर धरली. युरियाच्या चार गोण्या, आणि त्यांच्याखाली 'सूक्ष्म अन्नद्रव्ये, ५ किलो' अशी एक ओळ. "हे कशाला घेतलं?" असे कुणीतरी विचारले. तो म्हणाला, "घेतलं नाही, दिलं. हे घ्या तर युरिया, नाहीतर माल संपला." सभेत हशा पिकला, आणि मग एकेक हात वर होऊ लागला. तशीच ओळ बहुतेकांच्या पावतीवर होती. त्या पाच किलोंचे काय केले? कुणी कपाशीला फेकले, कुणी पऱ्हाट्या उपटून विहिरीखाली घेतलेल्या गव्हाला टाकले, कुणाची पिशवी न फोडता गोठ्यात पडलेली. टाकल्याने पिकात काय फरक पडला, हे मात्र एकालाही सांगता येईना.

त्या एका ओळीबद्दल हा अग्रलेख आहे. सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणजे निव्वळ थोतांड, दुकानदाराची भर करण्याचा धंदा, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. लिंकिंगची पावती पाहून तसे वाटले तर त्यांचा दोष नाही. दुसरीकडे, पीक जरा पिवळे पडले की पहिली धाव बाटलीकडे घेणारेही आहेत. आमचे म्हणणे असे की ज्याच्या जमिनीत तुटवडा आहे त्याच्यासाठी हे द्रव्य सोन्याच्या मोलाचे आहे, आणि ज्याच्या जमिनीत नाही त्याच्यासाठी ते मातीमोल. आपण यांतले कोणते, हे दुकानदाराने ठरवायचे नसते.

गव्हाच्या शेतातून जमिनीचे किती द्रव्य जाते याचा हिशेब करून पाहा. हेक्टरी ४० क्विंटल गहू निघाला तर त्या दाण्यांबरोबर सुमारे ८० किलो नत्र जाते. जस्त जाते शंभर-सव्वाशे ग्रॅम! मूठभरसुद्धा नाही. पण त्या मूठभराशिवाय ८० किलोंचे काम होत नाही. पानात प्रथिने तयार होणे, कोंब वाढणे, मुळांच्या पेशींचे पटल शाबूत राहणे, या सगळ्यांत जस्ताचा हात असतो. गाडीच्या आसाची खीळ बोटाएवढी असते. ती निसटली की पोत्यांनी भरलेली गाडी रस्त्यात बसते, मग बैल कितीही जोरकस असोत. पण खीळ जागच्या जागी असताना आणखी चार खिळी ठोकली म्हणून गाडी पळत सुटत नाही. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हाच नियम जगापुढे मांडला. जे सर्वांत कमी आहे, ते उत्पन्नाची मर्यादा ठरवते.

हा नियम शेतात कसा दिसतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण तुर्कस्तानात आहे. कापूस-ज्वारीवाल्यांना तुर्कस्तानच्या गव्हाशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण मध्य अनातोलियाचे पठार म्हणजे काही नाईलकाठची बागायत नव्हे. कोन्या, एस्किशेहिर या भागांत वर्षाला जेमतेम ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन चुनखडीची, सामू आठाच्या आसपास, सेंद्रिय कर्ब कमी. बहुतेक गहू पावसाच्या ओलीवर येतो. थंडीचे कडाकेपण सोडले तर आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाची ती सख्खी बहीण म्हणावी. अशा भागात पीक खुजे राहिले की पावसाकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे. पाऊस काही उत्तर द्यायला येत नाही.

१९९३ साली अडान्याच्या चुकुरोवा विद्यापीठाने, तुर्कस्तानातील गहू संशोधन संस्थांना आणि मेक्सिकोच्या सिमिट या संस्थेला बरोबर घेऊन, या पठाराचा तपास हाती घेतला. इस्माईल चाकमाक हे त्यातले प्रमुख शास्त्रज्ञ. पैसा आला नाटोच्या विज्ञाननिधीतून. रणगाडे-विमानांची युती गव्हातल्या जस्तावर खर्च करते, हे वाचून आम्हालाही गंमत वाटली. देशभरच्या मातीच्या नमुन्यांवरून दिसले, की तुर्कस्तानच्या निम्म्या लागवडीखालच्या जमिनीत, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख हेक्टरांत, पिकाला घेता येईल असे जस्त अपुरे आहे.

मग शेतांवर प्रयोग झाले. जस्त दिलेले आणि न दिलेले वाफे शेजारी शेजारी. उत्पन्नातली वाढ सरासरी ४३ टक्के आली. पण सरासरीवर थांबू नका. एका ठिकाणी वाढ ५ टक्के होती, आणि दुसऱ्या टोकाला ५५४ टक्के! गहू तोच, खत तेच, पठार तेच. फरक मातीचा होता. जिथे मातीतले जस्त अगदीच तळाला गेले होते तिथे न दिलेल्या वाफ्यात गव्हाने ओंबी धरण्याचा नुसता देखावा केला होता, आणि जिथे ते बऱ्यापैकी होते तिथे जस्ताने जेमतेम हजेरी लावली.

एस्किशेहिरच्या एका अत्यंत तुटवड्याच्या जमिनीत जस्त कसे द्यावे याचीही परीक्षा झाली. जमिनीतून दिल्यावर उत्पन्न २६० टक्क्यांनी वाढले, नुसते बियाण्याला चोळल्यावर २०४ टक्क्यांनी, नुसते पानांवर फवारल्यावर १२४ टक्क्यांनी. फवारणी सर्वांत मागे का? कारण पान फवारण्याजोगे होईपर्यंत रोपाचे पहिले महिने उपासात गेलेले असतात. बाटली विकणारा हे सांगत नाही. (आकडे पाहून कुणी तोच डोस आणायला धावू नका. तिथे प्रयोगासाठी हेक्टरी २३ किलो शुद्ध जस्त घातले होते, म्हणजे आपल्याकडच्या २१ टक्क्यांच्या झिंक सल्फेटचे सुमारे ११० किलो.)

कोरडवाहू शेतकऱ्याने या तपासातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जस्ताच्या तुटवड्याची झळ पाणी दिलेल्या गव्हापेक्षा पावसावरच्या गव्हाला जास्त लागली. जस्त मातीत फार थोडे अंतर सरकते, आणि सरकायला ओल लागते. वरचा थर सुकला की जस्त जागीच अडकते आणि मुळे खाली ओलीच्या शोधात गेलेली असतात. शिवाय पीक कोणत्या जातीचे यावरही बरेच अवलंबून. राय सर्वांत काटक, साध्या पोळीचा गहू मधला, आणि ड्युरम गहू सर्वांत नाजूक ठरला. आपला कोरडवाहू बन्सी याच ड्युरमच्या घराण्यातला आहे.

पुढे तुर्कस्तानने काय केले? जस्त शेतकऱ्याच्या गळ्यात वेगळ्या पिशवीतून बांधले नाही. नत्र-स्फुरद-पालाशाच्या गोणीतच ते मिसळून येऊ लागले. १९९४ मध्ये असे जस्तयुक्त मिश्रखत शून्य होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते वर्षाला सुमारे ४ लाख टनांवर गेले. त्यातून होणारा फायदा वर्षाला १० कोटी डॉलरच्या घरात धरला जातो.

इथपर्यंत वाचून दुकानदार खूष होईल. त्याने पुढचेही वाचावे. त्याच चाकमाकांच्या पुढाकाराने नंतर चीन, भारत, कझाकस्तान, मेक्सिको, पाकिस्तान, तुर्कस्तान आणि झांबिया अशा सात देशांत गव्हावर जस्ताचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीतून जस्त दिल्याने उत्पन्नात पडलेली भर सगळे मिळून सरासरी ५ टक्के! नाव घेण्याजोगी वाढ एकट्या पाकिस्तानात. कारण सरळ होते, बहुतेक ठिकाणच्या जमिनीत जस्ताची अशी तूटच नव्हती. खीळ जाग्यावर होती.

प्रत्येक मुलखाचे दुखणे वेगळे असते, हे आपल्या देशातही दिसून आले आहे. तराईतल्या भाताला 'खैरा' नावाचा रोग पडतो असे समजत. १९६६ मध्ये पंतनगरच्या यशवंत नेने यांनी दाखवले की हा रोग नव्हे, जस्ताची तूट आहे. पंजाबातल्या रेताड जमिनीत भातानंतरच्या गव्हाला मँगेनीज कमी पडते. भाताच्या साचलेल्या पाण्यात ते विरघळून खाली झिरपून जाते, आणि तिथे जमिनीतून देण्यापेक्षा मँगेनीज सल्फेटची अर्धा टक्क्याची फवारणीच कामी येते. उत्तर बंगाल, नेपाळची तराई आणि बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या उभ्या दिसतात आणि चोळल्या तर दाणा नाही. तिथे बोरॉन कमी आहे. तीन मुलूख, तीन निरनिराळी द्रव्ये. या तिघांनाही एकच 'सर्व अन्नद्रव्यांची' पिशवी विकणाऱ्याला वैद्य म्हणायचे की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

आता आपल्या रानाकडे या. देशभरच्या मातीच्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी निघाले आहे. म्हणजे तिघांतल्या एकाला जस्त पाहिजे, आणि दोघांना तूर्त नको. चुनखडीच्या काळ्या जमिनीत धोका जास्त, कारण सामू वाढला की जस्त आणि लोह दोन्ही मातीला घट्ट धरून बसतात. वर्षानुवर्षे डीएपीचा मारा झाला असेल तर जस्त आणखी अडते. शेणखत तुटले तेव्हापासून ही रड वाढली, हे तर म्हाताऱ्यांना विचारा.

गव्हात जस्ताची तूट ओळखायची खूण अशी: रोप खुजे राहते, मधल्या पानांवर पांढुरके-तपकिरी डाग पडतात, डाग मोठे होऊन पान मधेच मोडल्यासारखे लोंबते. अगदी कोवळे पान शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडले तर तो लोहाचा केवडा. त्याला जमिनीत हिराकस टाकणे म्हणजे बहुधा पैसे मातीत घालणे, कारण चुनखडीत ते लगेच निकामी होते. फवारणी किंवा शेणखतात मुरवून देणे बरे. सगळ्यात खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र कमी आहे, सूक्ष्म द्रव्याचा संबंध नाही. कपाशीच्या लाल्याचेही तसेच. पाने लाल झाली की सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पुढे केली जाते. लाल्यात बहुतेक वेळा मॅग्नेशियम आणि नत्राची तूट असते, आणि मॅग्नेशियमची गणना सूक्ष्म अन्नद्रव्यांत होत नाही. बाटलीवरची अक्षरे वाचा, त्यात ते असतेच असे नाही.

डोळ्यांची ही परीक्षा मात्र उशिराची. डाग दिसेपर्यंत निम्मे नुकसान झालेले असते. खरा उपाय माती तपासणे. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्यात बारा तपासण्या आहेत आणि जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन ही पाचही द्रव्ये आहेत. योजना चांगली. पण मातीचे नमुने कसे घ्यायचे ठरले ते पाहा: ओलिताखाली अडीच हेक्टरांच्या चौकटीत एक नमुना, आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीत एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! त्यात पाच-सहा जणांची शेते येतात. एकाचे भारी, एकाचे बरड, एकाच्या बांधाला नाला. पाच जणांचे रक्त एका बाटलीत घालून तपासले आणि तोच कागद पाचांच्या हातात दिला, असा हा प्रकार. ज्याच्याजवळ पाणी आहे त्याच्या मातीची विचारपूस चारपट बारकाईने करायची, आणि ज्याचा सगळा भरवसा मातीवर आहे त्याला ढोबळ कागद द्यायचा. पत्रिकेवर जस्ताचा आकडा दिसला तर तो आपल्याच रानातला आहे का, हे आधी विचारा.

म्हणून नमुना स्वतः घ्या. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, त्याच्या भिंतीची माती लाकडी खापेने किंवा बांबूच्या कामटीने खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको. सगळी एकत्र कालवून चार भाग करत अर्धा किलो ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, ही माती जस्ती बादलीत किंवा घमेल्यात गोळा करू नका. बादलीला जस्ताचाच मुलामा असतो. त्यातले चिमूटभर मातीत आले तरी तपासणीत तुमचे रान जस्ताने श्रीमंत ठरेल. प्लॅस्टिकचे टोपले आणि कापडी पिशवी घ्या. प्रयोगशाळेत अर्ज देताना 'सूक्ष्म अन्नद्रव्यांसह' असे लिहून द्या, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाश तपासून कागद परत येतो.

कागदावर जस्त ०.६ पीपीएमच्या खाली आले तर आपली जमीन तुटवड्याची. मग उपाय स्वस्त आहे. २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट एकरी १० किलो. ३३ टक्क्यांचे मिळाले तर साडेसहा किलो पुरे. शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी द्या, आणि डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. दोघे एकमेकांना अडवून बसतात. एकदा दिलेले दोन-तीन हंगाम पुरते, दर पिकाला द्यायची गरज नाही. उभ्या पिकात तूट कळली तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी करा. आकडा ०.६ च्या बराच वर असेल तर ते पैसे दुसऱ्या कामाला लावा.

आता त्या पावतीवरच्या पाच किलोंचा हिशेब. आपल्या राज्यात जमिनीतून द्यायच्या ग्रेड १ मिश्रणात जस्त ५ टक्के असते. पाच किलोत अडीचशे ग्रॅम. तुटवड्याच्या एकराला जस्त हवे दोन किलो. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला आठवा हिस्सा मिळाला, आणि ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात तांबे, मँगेनीज आणि बोरॉनही फुकट नव्हे, विकत बांधले गेले. बोरॉनच्या बाबतीत तर कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडे असते. त्याच अनातोलियाच्या पठारावर काही ठिकाणी गव्हाला बोरॉन जास्त झाल्याने बाधा होते. जिथे जस्त नाही तिथे सगळेच नसेल, असा हिशेब निसर्ग करत नाही.

लिंकिंग करू नये, असे सरकारच दर हंगामाला सांगते. सांगणे आणि थांबवणे यांत बोरॉनपेक्षा बरेच जास्त अंतर आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची असे सरकारने बांधून दिले, आणि वरची कसर दुकानाच्या फळीवरच्या इतर मालातून भरून निघते. हे कंपनी करते, घाऊक व्यापारी करतो की गावातला दुकानदार, यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पावती मात्र आपल्या नावाची निघते. शेतकऱ्याने नाही म्हणावे, असे शहाणे लोक सांगतात. पेरणीची वाफ तीन दिवसांची असते, हे त्यांना ठाऊक नसावे.

बरे, सरकारला जस्त खरोखर रानापर्यंत पोचवायचे आहे का? १ एप्रिल २०१० पासून नत्र वगैरे घटकांप्रमाणे अनुदान देण्याचे धोरण आले, आणि जस्तयुक्त खताला टनामागे जादा ५०० रुपये ठरले. ५० किलोच्या गोणीला २५ रुपये होतात. युरिया त्या धोरणाच्या बाहेर ठेवला. एका बाजूला नत्राचा ढीग स्वस्त, दुसऱ्या बाजूला खिळीला चहापाण्याचे पैसे. शेतकरी नत्र जास्त वापरतो म्हणून भाषणे देणाऱ्यांनी हा हिशेब मांडून मग भाषण करावे.

आणखी एक मुद्दा हल्ली पुढे येतो आहे. सात देशांच्या त्याच प्रयोगांत दिसले, की उभ्या गव्हावर जस्त फवारले तर उत्पन्न फारसे वाढत नाही, पण दाण्यातले जस्त किलोला २७ मिलिग्रॅमवरून ४८ वर जाते. खाणाऱ्याच्या, विशेषतः लहान पोरांच्या प्रकृतीला ते चांगले. आम्हाला त्याचे मोल आहे. त्या पोरांत आपलीही आहेत. पण फवारणीचा खर्च कुणाचा, आणि बाजारात त्या दाण्याला भाव कोणता? आडतीवर गहू हातात चोळून रंग पाहतात, दाण्यातले जस्त कुणी मोजत नाही. देशाच्या पोषणाची फवारणी शेतकऱ्याच्या खिशातून करायची असेल तर तसे उघड सांगावे.

त्यापेक्षा बियाण्याचा रस्ता शेतकऱ्याला परवडणारा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा कोरडवाहू ड्युरम गहू मुळातच दाण्यात ४० पीपीएमच्या आसपास जस्त धरतो आणि सुमारे १०२ दिवसांत निघतो. ज्वारीत परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेली 'परभणी शक्ती' आहे, २०१८ ची. तिच्यात लोह आणि जस्त दोन्ही नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक. बियाणे जस्त तयार करत नाही, जमिनीतले उचलते. तेव्हा तुटवड्याच्या जमिनीत याही जातींना आधी माती दुरुस्त करून द्यावी लागेल.

येत्या रब्बीत ज्यांच्याकडे जस्ताची पिशवी येईल, मग विकत घेतलेली असो की गळ्यात पडलेली, त्यांनी एक काम करावे. गहू असो की ज्वारी, शेताच्या मधोमध तिफणीच्या दोन फेऱ्यांएवढा पट्टा जस्ताशिवाय सोडावा आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. बाकी सगळे सारखे: बियाणे, युरिया, पाणी, निंदण. काढणीला तो पट्टा आणि शेजारचा तेवढाच पट्टा वेगळा मळून वजन करावे, ज्वारी असेल तर कडब्याच्या पेंढ्याही मोजाव्यात. उन्हाळ्यातल्या जिल्हा बैठकीला येताना ती दोन वजने, मातीच्या तपासणीचा कागद आणि दुकानाची पावती अशा तिन्ही गोष्टी बरोबर आणा. तालुकावार वहीत नोंद करू. ज्यांनी पावतीच मागितली नाही, त्यांनी या वेळी मागून घ्यावी, आणि लिंकिंगचा माल वेगळ्या ओळीत लिहून घ्यावा.